बारा पिशव्या, अंदाजे

निवृत्त होताना कचेरीने मला एक किलोचं पितळी वजन भेट दिलं. लोकांना घड्याळ मिळतं, पेन मिळतं. मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली म्हणून मला वजन मिळालं, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. घड्याळ पुढेमागे होतं, पेन गळतं, किलो मात्र किलोच राहतो. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर मी ते मांडलं होतं आणि दर रविवारी मऊ फडक्याने पुसत होतो. एका मंगळवारी सकाळी त्या फळीवर मला फक्त एक गोल डाग दिसला.

घरात चोरी झाल्याचं मी बायकोला सांगितलं. चोर आलाच असता तर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे का नेले नाहीत, असं ती म्हणाली, आणि मग भाजी निवडता निवडता सांगून टाकलं की वजन मुलीने नेलंय, कामाला.

आमची मुलगी तंतुवाद्यं दुरुस्त करते. घरापासून दोन गल्ल्या सोडून एका छापखान्याच्या मागे तिची कार्यशाळा आहे; म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, भिंतीवर पटाशा आणि सरसाचा वास. मी तडक तिथे गेलो. टेबलावर व्हायोलिनची एक फुगीर फळी होती, तिच्यावर वाळू भरलेली मुरंब्याची बरणी होती, शब्दकोशाचा दुसरा खंड होता, आणि मधोमध माझं वजन होतं, एका मोज्यात घातलेलं. मोजाही माझाच होता. त्याचा जोडीदार घरी होता आणि हा मी गेल्या हिवाळ्यापासून शोधत होतो.

"मोजा घातलाय ना बाबा, ओरखडा नाही येणार," ती म्हणाली. तिला लाकडाची काळजी होती. वजनाची काळजी करणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

मग तिने मला बसवून समजावलं. फळी फुगीर असते, तिच्या मध्यावर कडेने आवळायचा शिकंजा पोहोचत नाही, आणि सरस वाळेपर्यंत दाब तर हवा. कडक वजन ठेवलं की ते घसरतं किंवा खड्डा पाडतं. त्यासाठी चामड्याच्या पिशव्या असतात, आत शिशाच्या बारीक गोळ्या भरलेल्या. अशा पिशव्या मागवल्या तर यायला दोन महिने लागतात, आणि तिच्याकडे तीन आठवडे होते. तीन आठवड्यांनी संगीतशाळेच्या जुन्या चेलोची फळी सांधायची होती. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका, मांड्यांमध्ये धरून वाजवायचा. त्याच्या पोटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हे एक काम चोख झालं तर शाळेची सगळी चाळीस वाद्यं हिच्याकडे येतील, नाहीतर पुन्हा परगावच्या जुन्या कारागिराकडे जातील. त्या कारागिराच्या नावावर चाळीस वर्षांचं काम होतं. आमच्या मुलीच्या नावावर दीड वर्षाचं काम आणि वडिलांचा एक मोजा होता.

"मी शिवतो पिशव्या," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. आमचे साहेब रजेच्या अर्जाकडे असेच बघायचे. पण नाही म्हणाली नाही. कागदावर एक आयत काढून दिला आणि म्हणाली, "साधारण किलोभराच्या. जरा सैल भरा. बारा पुरतील."

मी वहीत लिहून घेतलं: बारा नग, प्रत्येकी एक किलो.

'साधारण' मी लिहिलं नाही, हे इथेच कबूल करतो. बत्तीस वर्षांत मी तो शब्द लिहिला नव्हता. 'साधारण', 'जवळपास' आणि विशेषतः 'अंदाजे' हे शब्द माझ्या टेबलावर आले की मी लाल पेन्सिलीने खोडत असे. अंदाज ही दुकानदाराने गिऱ्हाइकाला लुटण्याची पहिली पायरी आहे, असं मी एका अहवालात लिहिलंही होतं. त्या सवयीने माझ्या कानांनी मुलीचं अर्धं वाक्य परस्पर खोडलं.

बातमी जिना उतरून गेली, आणि तळमजल्यावरचे सर्वज्ञ वर आले. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर आहे, पण इमारतीत त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नाही. सर्वज्ञ म्हणाले की चामडं आधी दुधात भिजवायला हवं. मग म्हणाले, दुधात नको, तेलात. मग म्हणाले की शिवायची गरजच काय, पिना मारा. शेवटी त्यांचं मन द्रवलं आणि त्यांनी आपला जुना सोफा देऊ केला. हा सोफा साधा नव्हता. गेली चौदा वर्षं त्याच्यावर कुणाला कप ठेवू दिला गेला नव्हता, कारण तो अस्सल चामड्याचा होता. पाहुण्यांची लहान मुलं त्या घरात जमिनीवर बसत.

सोफ्याचं कातडं सोलून आम्ही दोघं टपालकचेरीच्या भिंतीला लागून बसणाऱ्या बॅगवाल्याकडे गेलो. बॅगा दुरुस्त करणारा हा म्हातारा एका सतरंजीवर बसतो आणि गरजेपेक्षा एक शब्दही जास्त बोलत नाही. त्याने कातडं हातात घेतलं, वास घेतला, काडी ओढली आणि कोपरा पेटवला. कोपरा वितळून थेंब थेंब खाली पडला.

"हे चामडं नाही," तो म्हणाला.

सर्वज्ञांनी कातडं गुंडाळून काखेत घेतलं. परत येताना वाटभर ते माझ्या चार पावलं पुढे चालत होते. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या घरातून चढे आवाज ऐकू येत राहिले. त्या सोफ्याचा हट्ट कुणाचा होता, एवढाच वादाचा मुद्दा असावा.

खरं चामडं मग मी बॅगवाल्याकडूनच घेतलं, आणि त्यालाच गुरू केलं. शिवून देऊ का, असं त्याने विचारलं होतं. मी नको म्हणालो. मुलीसाठी बापाने शिवायच्या पिशव्या दुसऱ्याच्या हातून कशा शिवून घ्यायच्या? त्याने मान हलवली आणि मला एक आरी दिली, दोन बोथट सुया दिल्या आणि मेणाची वडी दिली. आरीने भोक पाडायचं, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. अशी शिवण एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने धरून ठेवते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक सुई दुसरीच्या दोऱ्यात शिरते, दुसरी बोटात शिरते, आणि भोक ऐनवेळी दिसेनासं होतं.

चार दिवस मी चिंध्यांवर शिवलं. रोज संध्याकाळी बॅगवाला माझं काम हातात घ्यायचा, रापीने सगळे टाके कापायचा आणि चिंधी परत द्यायचा. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझं काम इतक्या शांतपणे कुणी नामंजूर केलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने रापी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"चालेल," तो म्हणाला. "आता खरखरीत बाजू बाहेर ठेवून शिवा. गुळगुळीत बाहेर ठेवली तर घसरेल."

हे मात्र मला पटलं नाही. चामड्याची गुळगुळीत बाजू तांबूस, चमकदार, दृष्ट लागावी अशी होती, आणि आतली बाजू म्हणजे नुसतं लव आलेलं भुरकट पोतेरं. माझ्या मुलीच्या टेबलावर पोतेरी मांडायची नाहीत, असं मी त्याला सांगितलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या बॅगेची चेन बघू लागला.

आता गोळ्या. शिशाच्या बारीक गोळ्या बंदुकीच्या दुकानात मिळतात असं सर्वज्ञांनी सांगितलं. अबोला तोवर सुटला होता, सल्ला दिल्यावाचून त्यांना फार दिवस राहवत नाही. त्या दुकानात मला एक अर्ज देण्यात आला. मला अर्ज आवडतात. हा चांगला तीन पानी होता. पण 'हत्याराचा प्रकार' या रकान्यापाशी मी अडलो आणि खोटं लिहायचं नाही म्हणून 'आरी' असं लिहिलं. दुकानदाराने ते वाचलं, मला वाचलं, आणि शेजारच्या गल्लीतल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मी बारा किलो मागितल्यावर त्या दुकानदाराने कुठला मासा पकडताय असं विचारलं. पिशव्या शिवतोय म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही, पण मी बाहेर पडेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला.

शिसं विषारी असतं, एवढं बायकोला माहीत होतं. तिने तिथल्या तिथे नियम केले: शिसं गॅलरीतच राहील, हातमोजे घालावेत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत साबणाने धुतलेले हातच येतील. मी म्हटलं, असं काटेकोर माणूस आमच्या खात्यात हवं होतं. तिच्या मते एका घरात एक पुरे होतं.

गॅलरीत बसून मी शिवू लागलो. पहिली पिशवी तयार झाली तेव्हा तिच्यात मी काट्यावर तोलून, पिशवीसकट बरोबर एक किलो होईल एवढ्या गोळ्या भरल्या. तोंड शिवताना शेवटच्या गोळ्या बोटाने आत दाबाव्या लागल्या, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. आली नाही. पिशवी टणक, टरटरीत, देखणी झाली होती. ती दाखवायला मी तळमजल्यावर निघालो.

शिवणीच्या शेवटी दोन टाके उलटे मारायचे असतात, म्हणजे दोरा सुटत नाही. ते मी विसरलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवीने तोंड उघडलं आणि आतलं सगळं शिसं जिन्यावरून खाली निघालं. आवाज ऐकून सर्वज्ञ दार उघडून बाहेर आले, त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि तिथेच सावकाश खाली बसले. लागलं नाही, पण उठायला त्यांनी नकार दिला. बसल्या बसल्याच त्यांनी सूत्रं हातात घेतली आणि घरातून लोहचुंबक मागवलं. शिसं चुंबकाला चिकटत नाही असं मी सांगितलं. चांगल्या चुंबकाला चिकटतं, असं ते म्हणाले. तासभर सगळी इमारत ओणवी होऊन गोळ्या वेचत होती आणि सर्वज्ञ मधोमध बसून चुंबक फिरवत होते. त्यांच्या चुंबकाला एक केसाची पिन आणि कुणाच्या तरी सायकलचा नट मिळाला. गोळ्या मी पुन्हा तोलल्या. सहा ग्रॅम कमी भरल्या. ते सहा ग्रॅम अजून इमारतीत कुठेतरी आहेत, हे मला अधूनमधून आठवतं.

तरीही दोन आठवड्यांत बारा पिशव्या झाल्या. शेवटच्या पिशवीपर्यंत माझा टाका असा सरळ पडू लागला की मी चष्मा काढून लांबून बघत बसे. बायको त्याबद्दल मला काही बोलली नाही. फोनवर बहिणीला मात्र ती सांगत होती, "अगं, हाताने शिवल्यात यांनी, एकेक टाका बघत राहावा." मी पलीकडच्या खोलीत होतो. पाणी प्यायचं निमित्त करून मी तीनदा तिथून गेलो.

आता नुसत्या पिशव्या कशा द्यायच्या? ठसेवाल्याकडून मी एक ठसा करून घेतला आणि प्रत्येक पिशवीवर सुबक अक्षरांत उमटवलं: १ किलो.

आणि मग मी ती गोष्ट केली जी फक्त वजनमापे खात्यातला माणूसच करू शकतो. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. एक पिशवी घेऊन मी कचेरीत गेलो, तिथल्या मोठ्या काट्यावर खात्री करायला. खरं सांगायचं तर दाखवायलाही गेलो होतो. माझ्या टेबलावर आता माझा जुना हाताखालचा माणूस बसतो. त्याला सगळी परिपत्रकं तोंडपाठ आहेत, म्हणून आम्ही त्याला परिपत्रकच म्हणायचो. त्याने उठून मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, पिशवी काट्यावर ठेवली. काटा एक किलोवर जाऊन थांबला आणि जागचा हलला नाही. आजूबाजूच्या टेबलांवरून माना वर झाल्या. तो क्षण मी कुणालाही देणार नाही.

मग परिपत्रकाला ठसा दिसला.

"साहेब, हे वजन आहे का?"

"अरे, पिशवी आहे. मुलीच्या कार्यशाळेसाठी."

"पण वर एक किलो उमटवलंय." तो उभा राहिला. कायदा सांगताना तो नेहमी उभा राहतो. "ज्या वस्तूवर वजनाचा आकडा उमटवलेला आहे ती वस्तू वजन समजण्यात येईल. वजन हे मान्य धातूचंच असावं. अमान्य पदार्थाचं वजन व्यवसायाच्या जागी वापरल्यास ते ताब्यात घेण्यात यावं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, खाली सही तुमची आहे."

माझीच होती. रंगवलेल्या दगडाने बटाटे तोलणाऱ्या एका दुकानदाराला पकडल्यावर मी ते परिपत्रक स्वतः लिहिलं होतं, आणि त्यातली एकही पळवाट शिल्लक ठेवली नव्हती. परिपत्रकाने माझी पिशवी ताब्यात घेतली, तीन प्रतींत पावती केली आणि उरलेल्या अकरा तपासायला आठ दिवसांनी कार्यशाळेत येईन असं अत्यंत नम्रपणे सांगितलं. पावतीवर एकही खाडाखोड नव्हती. मला त्याचा संताप आला आणि अभिमानही वाटला, कारण पावती करायला त्याला मीच शिकवलं होतं.

अकरा तर अकरा, म्हणून त्या मी शुक्रवारी मुलीकडे नेल्या. सोमवारी चेलो सांधायचा होता. चेलोची फळी टेबलावर काढून ठेवलेली होती, मोठी, जुनी, मधासारख्या रंगाची. मुलीने सरावाच्या एका फुगीर लाकडावर माझी पहिली पिशवी अलगद ठेवली. पिशवी क्षणभर बसली, मग घरंगळली आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. दुसरी ठेवली, तीही घसरली. तिसरीने लाकडाला टोकाशी एक बारीक खड्डा पाडला.

मुलीने पिशवी उचलली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"बाबा, टाका किती सुंदर घातलायत," ती म्हणाली.

मग तिने पिशवी बाजूला ठेवली आणि खणातून मोजे काढले. तिने एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं. ते मोजे मात्र मला फार लागले. सोमवारी त्या जुन्या फळीवर ती शब्दकोश आणि मुरंब्याची बरणी ठेवणार होती, आणि एक खड्डा पडला की चाळीस वाद्यं परगावी जाणार होती. माझ्या अकरा पिशव्या तिथेच शेजारी बसून हे बघणार होत्या, प्रत्येकी बरोबर एक किलो.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"सैल हव्या होत्या. लाकडावर ओघळायला हव्यात. मी म्हटलं होतं, साधारण किलोभर, जरा सैल."

मी वही उघडली. वहीत सैल नव्हतं. साधारणही नव्हतं. मी वही मिटली आणि तिला सांगितलं की सोमवारी सकाळी पिशव्या मिळतील. तेव्हा माझ्या आवाजात जरब होती, असं मला वाटतं. मुलगी सांगते की नव्हती.

त्या रात्री मला एवढंच कळलं की ठसा पुसता येत नाही आणि चामडं उलटता येतं. शनिवारी सकाळी मी बॅगवाल्यासमोर पिशव्यांचा ढीग ठेवला आणि म्हणालो की सगळ्या उसवून खरखरीत बाजू बाहेर करायची आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं तो म्हणेल म्हणून मी मनाची तयारी करून गेलो होतो. तो तसं म्हणाला नाही. त्याने सतरंजीवर सरकून जागा केली.

"बसा," तो म्हणाला.

मी बसलो. वजनमापे खात्याचा निवृत्त वरिष्ठ निरीक्षक, टपालकचेरीच्या भिंतीला टेकून, भर रस्त्यावर, मांडीवर फाटक्या बॅगेसारख्या उसवलेल्या पिशव्या घेऊन. ओळखीचं सगळं गाव त्या दोन दिवसांत तिथून गेलं. सर्वज्ञ दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा थांबून चामडं दुधात भिजवलं होतं का ते विचारून गेले. एका बाईंनी माझ्या हातात छत्री दिली आणि तार बसवायला किती वेळ लागेल ते विचारलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी मान वर करत नव्हतो. मग टाका नीट पडू लागला आणि कोण जातंय हे बघायचं राहूनच गेलं. रविवारी बायको थर्मास घेऊन आली. मला घरी न्यायला आली असावी असं वाटलं. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि दोऱ्यांना मेण लावून देऊ लागली. जप्त झालेल्या पिशवीच्या जागी एक नवीन कापली, अशा बारा पुऱ्या केल्या.

भरण्याचं काम रविवारी दुपारी गॅलरीत केलं. या वेळी काटा मी कपाटात ठेवला आणि किल्ली बायकोकडे दिली. मुलीने सांगितलं होतं की पिशवी तळहातावर ठेवल्यावर दोन्ही बाजूंनी खाली ओघळली पाहिजे. मी मुठीने गोळ्या घालत गेलो आणि प्रत्येक पिशवी तळहातावर ठेवून बघत गेलो. बत्तीस वर्षांत काट्याशिवाय मी काही तोललं नव्हतं. कपाटाकडे माझी नजर किती वेळा गेली ते बायकोला माहीत आहे, ती आकडाही सांगते.

शेवटी प्रत्येक पिशवीच्या कडेला चामड्याची एक छोटी पट्टी शिवली, आरी तापवली, आणि त्या पट्टीवर जन्मात पहिल्यांदा तो शब्द लिहिला. बारा वेळा लिहिला. अंदाजे.

सोमवारी मुलीने सहा पिशव्या टेबलावर मांडल्या, त्यांच्यावर चेलोची फळी उपडी ठेवली, चिरेवर सरस लावून लाकडाचे बारीक तुकडे बसवले आणि वर सहा पिशव्या ठेवल्या. खरखरीत चामडं लाकडाला धरून बसलं. एकही पिशवी घसरली नाही. जिथे ठेवली तिथे ती पसरली, ओघळली आणि गप्प राहिली. मुलीने फळीला बोट लावून पाहिलं, वाकून कडेने पाहिलं, आणि मग माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. काय झालं म्हणून मी विचारलं तर काही नाही म्हणाली.

आठव्या दिवशी परिपत्रक नोंदवही घेऊन हजर झाला. त्याने बाराही पिशव्या उलटसुलट करून तपासल्या. आकडा कुठेच नव्हता. मग त्याला पट्टी दिसली. ती त्याने दोनदा वाचली.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिलं."

 मग त्याने नोंदवहीत 'वस्तू वजन नाही' असा शेरा मारला आणि जायला निघाला. दारात थांबून म्हणाला की जप्त पिशवी पुराव्याच्या कपाटात आहे, बरोबर एक किलो, आणि नव्या लोकांना तो ती दाखवतो. काय म्हणून दाखवतो, ते मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिकाबाई आल्या. चेलो पुन्हा जोडलेला होता, तारा चढवलेल्या होत्या. बाईंनी आधी खिडकीपाशी नेऊन पोटाची चीर शोधली. शोधायला वेळ लागला. मग खुर्चीवर बसल्या, गज उचलला आणि सगळ्यात जाड तारेवरून एकदाच सावकाश ओढला. मला संगीतातलं काही कळत नाही. पण खिडकीची काच थरथरली, टेबलावरच्या पटाशा थरथरल्या, आणि छापखान्यातलं यंत्र कुणीतरी बंद केलं. मी मुलीकडे पाहिलं. ती लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशीच उभी होती, हात मागे बांधून.

बाई म्हणाल्या की बाकीची वाद्यं पुढच्या आठवड्यापासून पाठवते. मग त्यांची नजर टेबलावर गेली. पिशव्या कुठून मागवल्या, त्यांनी विचारलं.

"मागवल्या नाहीत," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांनी शिवल्यात."

मी त्या वेळी रोगणाच्या डब्यावरची सूचना वाचत होतो. ती मला आता पाठ आहे.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माणसाला खोड असते. दुसऱ्या दिवशी मुलगी बाईंना चेलो पोहोचवायला गेली होती आणि कार्यशाळेत मी एकटा होतो. तिच्याकडे सरस तोलायचा एक छोटा काटा आहे, एक किलोपर्यंतचा. मी दार लोटलं आणि पहिली पिशवी काट्यावर ठेवली. सातशे चाळीस ग्रॅम. दुसरी ठेवली. सातशे एकेचाळीस. तिसरी, सातशे चाळीस. मी चष्मा पुसला, काटा शून्यावर आणला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बारावी पिशवी ठेवली. सातशे चाळीस. बारा पिशव्यांत सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांच्यातला फरक दोन ग्रॅम. आमच्या खात्याने पितळी वजनं याहून वाईट फरकाने पास केली आहेत.

"मी त्या सोमवारीच तोलल्या, बाबा," मागून आवाज आला. ती दारात उभी होती. "फळी जराही डुगडुगली नाही, तेव्हाच मला शंका आली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही अंदाजे लिहिलं होतंत ना," ती म्हणाली. "म्हटलं, मोठ्या मुश्किलीने लिहिलंय, राहू दे."

म्हणजे परिस्थिती अशी आहे. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत एकही खोटा शिक्का मारला नाही, त्याने बारा नगांवर धडधडीत खोटी नोंद केली आहे, आणि ते नग रोज व्यवसायाच्या जागी वापरले जात आहेत. परिपत्रकाला कळलं तर तो उभा राहून कलम सांगेल. लाल पेन्सिल त्या दिवशीही माझ्या खिशात होती, पण ती मी बाहेर काढली नाही. पितळी वजन मी परत कपाटात नेलं नाही, ते मुलीच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलं आहे. त्याचा मोजा काढून घेतला, दुसरा घरून बरोबर आणलाच होता, आणि संध्याकाळी दोन्ही मोजे घालून घरी आलो.